महाग पुस्तके आणि जालन्याचा वाचक

सातवाहनांच्या काळातले भोगवर्धन म्हणजे आजचे जालना जिल्ह्यातले भोकरदन. सांचीच्या स्तूपावर दान देणाऱ्यांच्या गावांची नावे कोरलेली आहेत, त्यांत हे नाव आहे. १९७३ साली नागपूर आणि मराठवाडा या दोन विद्यापीठांनी मिळून इथे उत्खनन केले. त्यात हस्तिदंताची एक खंडित स्त्रीमूर्ती सापडली. इटलीतल्या पॉम्पेईला मिळालेल्या भारतीय हस्तिदंती मूर्तीशी तिचे इतके साम्य आहे, की रोमशी चालणाऱ्या व्यापाराचा विषय निघाला की अभ्यासक भोकरदनचे नाव घेतातच. शां. भा. देव आणि र. शं. गुप्ते यांनी लिहिलेला उत्खननाचा अहवाल पुढच्याच वर्षी या विद्यापीठांनी इंग्रजीत छापला. जमीन भोकरदनची, खर्च सार्वजनिक. तो अहवाल आज भोकरदनच्या बी.ए.च्या विद्यार्थ्याला वाचायचा असेल, तर विद्यापीठाच्या किंवा एखाद्या जुन्या संस्थेच्या ग्रंथालयाची वाट धरावी लागते. तिथे ओळखपत्र दाखवायचे, परवानगी काढायची आणि संदर्भ विभागात बसून पाने चाळायची. इथे किमतीचा प्रश्न उठतच नाही, कारण दुकानात तो अहवाल मिळत नाही.

अभ्यासाची पुस्तके महाग झाली ही तक्रार खरी आहे, पण ती अर्धी आहे. पुस्तक विकत घेणे परवडते का, परवडत नसेल तर ते कुठे बसून वाचता येते, आणि तिथे मला आत घेतात का, असे तीन प्रश्न एकमेकांत अडकलेले आहेत. पुण्या-मुंबईत पहिल्यावर भांडण होते. जालन्यासारख्या जिल्ह्यात तिसरा सर्वांत जड आहे आणि त्याच्यावर कुणी बोलत नाही.

आधी किमतीचे पाहू. परदेशी विद्यापीठीय मुद्रणालयाने काढलेल्या संशोधनग्रंथाची पुठ्ठा बांधणीची आवृत्ती सहज शंभर पौंडांच्या पुढे जाते. कागद-शाई महाग असते म्हणून ही किंमत नसते. असे ग्रंथ मुळात काहीशे प्रती छापायचे आणि श्रीमंत विद्यापीठांच्या ग्रंथालयांना विकायचे, हे धंद्याचे गणित ठरलेले आहे. ग्रंथालयाला पर्याय नसतो, म्हणून दर वर जातो. सामान्य वाचक या हिशेबात धरलेलाच नाही. लेखक प्राध्यापक असतो, त्याचा पगार विद्यापीठ देते. हस्तलिखित तपासून देणारे तज्ज्ञ नाममात्र मानधनावर काम करतात, आणि नियतकालिकांत तर बहुधा फुकटच.

यात आपला संबंध थेट येतो, कारण मराठवाड्यावरचे बरेचसे नवे लेखन असेच छापले जाते. निजामाच्या हैदराबाद संस्थानाचे जगाशी असलेले संबंध तपासणारा एरिक बेव्हर्ली यांचा ग्रंथ २०१५ साली केंब्रिजने काढला. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराच्या आंदोलनाचा आणि १९७८च्या मराठवाड्यातल्या हिंसाचाराचा विचार करणारे अनुपमा राव यांचे ‘द कास्ट क्वेश्चन’ २००९ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाने प्रसिद्ध केले. दुसऱ्याची भारतीय आवृत्ती ‘परमनंट ब्लॅक’ने काढली म्हणून ते इथल्या वाचकाच्या आवाक्यात तरी आले. ज्या जिल्ह्याने १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाचे राज्य भोगले, त्या जिल्ह्यातल्या इतिहासाच्या प्राध्यापकाला या राज्यावरचे नवे पुस्तक घेताना खिसा चाचपावा लागतो.

पूर्वीपासून असेच होते असे मात्र नाही. साठ-सत्तरच्या दशकांत शिकलेल्या कुणालाही विचारा. भौतिकशास्त्र, वैद्यक, अभियांत्रिकी यांची उत्तम इंग्रजी पुस्तके तेव्हा अगदी कमी पैशांत मिळत. ब्रिटिश सरकार ‘इंग्लिश लँग्वेज बुक सोसायटी’च्या स्वस्त आवृत्त्यांना पैसे देत होते. मॉस्कोच्या ‘मीर’ प्रकाशनाची गणित-विज्ञानाची पुस्तके गाडीभाड्याच्या दरात विकली जात. अमेरिकेची गोष्ट तर फारच गमतीची. पी.एल. ४८० कराराखाली आलेल्या गव्हाचे पैसे भारताने रुपयांत मोजले, आणि त्या रुपयांतून अमेरिकेने आपल्याकडे पाठ्यपुस्तकांच्या स्वस्त भारतीय आवृत्त्या काढायला मदत केली. ज्या कराराचा लाल गहू आपल्या आजी-आजोबांनी नाके मुरडत खाल्ला, त्याच कराराची पुस्तके वाचून इंजिनिअर झालेली पिढी आपल्यात आहे.

अर्थात ही दया नव्हती. शीतयुद्धात तरुण डोकी आपल्या बाजूला वळवायची होती. सोव्हिएत संघ १९९१ साली कोसळला, ब्रिटिशांनी नव्वदच्याच दशकात आपली योजना गुंडाळली आणि स्वस्ताई संपली. त्या जागी आपल्या सरकारने तेवढ्या ताकदीचे काही उभे केले नाही, हा माझा मुख्य आक्षेप आहे. प्रयत्न झाले होते. विद्यापीठीय शिक्षण मातृभाषेत यावे म्हणून केंद्राच्या अर्थसाहाय्याने राज्याराज्यांत ग्रंथनिर्मितीच्या संस्था निघाल्या. आपल्याकडे नागपूरला महाराष्ट्र विद्यापीठ ग्रंथनिर्मिती मंडळ निघाले. त्या मंडळाची पुस्तके जुन्या महाविद्यालयांच्या कपाटांत अजून दिसतात. पुढे ते काम त्या जोमाने चालले नाही. निजामाच्या राज्यावर आपण कितीही टीका करू, आणि मराठीची गळचेपी केल्याबद्दल करायलाच हवी, पण उर्दूतून विद्यापीठ चालवायचे ठरल्यावर त्या सरकारने १९१७ साली, म्हणजे उस्मानिया विद्यापीठ सुरू होण्याच्या आधी, भाषांतराचे स्वतंत्र खाते काढले होते. आधी पुस्तके, मग वर्ग. आपल्याला ही क्रमवारी अजून जमलेली नाही.

त्याच पी.एल. ४८०चा एक उलटा प्रवाहही आहे. १९६२ पासून अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसचे दिल्ली कार्यालय भारतीय भाषांतली पुस्तके विकत घेऊन अमेरिकी विद्यापीठांना पाठवू लागले. त्यात मराठी पुस्तकेही होती. आपल्याकडे पुस्तक जमा करण्याचा कायदा १९५४ चा. त्यानुसार प्रत्येक प्रकाशकाने कोलकाता, मुंबई, चेन्नई आणि दिल्ली इथल्या चार ग्रंथालयांना प्रत द्यायची. मराठवाड्याच्या वाट्याला त्यातली एकही नाही. म्हणून एखादे जुने मराठी पुस्तक शिकागोत सापडते आणि अंबडला सापडत नाही, यात आश्चर्य वाटण्यासारखे काही उरत नाही.

आजच्या घडीला किमतीवर दोन उतारे आहेत. एक म्हणजे परदेशी पाठ्यपुस्तकांच्या ‘फक्त भारतीय उपखंडात विक्रीसाठी’ असा शिक्का असलेल्या स्वस्त आवृत्त्या. त्या निघतात, पण जी पुस्तके हजारोंनी खपतील त्यांच्याच, आणि पुष्कळदा जुन्या आवृत्तीच्या. दुसरा उतारा कायद्यात आहे. कॉपीराइट कायद्याच्या ३२-अ कलमाप्रमाणे, एखादे पुस्तक ठरावीक मुदतीत भारतात वाजवी किमतीला मिळत नसेल, तर इथे ते छापण्याचा सक्तीचा परवाना मागता येतो. शास्त्रीय ग्रंथांसाठी ही मुदत तीन वर्षांची आहे. भारतासारख्या देशांनी साठच्या दशकापासून आंतरराष्ट्रीय परिषदांत भांडून मिळवलेला हा हक्क १९८३ साली आपल्या कायद्यात आला. तो वापरून कुणी पुस्तके स्वस्त केल्याचे मात्र ऐकिवात नाही. हत्यार घरात आहे, पण त्याला धार कुणी लावत नाही.

मग विद्यार्थी काय करतो? झेरॉक्स काढतो. जालन्यात काय आणि दिल्लीत काय, महाविद्यालयाच्या फाटकासमोरचे झेरॉक्सचे दुकान हे खरे पाठ्यपुस्तक भांडार आहे. अशाच एका दुकानावरून या विषयातला देशातला सर्वांत महत्त्वाचा खटला लढला गेला. ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस या तीन प्रकाशकांनी २०१२ साली दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधल्या रामेश्वरी फोटोकॉपी सर्व्हिसला आणि दिल्ली विद्यापीठाला कोर्टात खेचले. नेमलेल्या पुस्तकांतली प्रकरणे एकत्र बांधून विद्यार्थ्यांना देणे ही चोरी आहे, असे त्यांचे म्हणणे होते. ज्यांची पुस्तके या प्रकाशकांनीच छापली होती, अशा अनेक लेखकांनी विद्यार्थ्यांची बाजू घेतली. अमर्त्य सेन त्यांत होते. सप्टेंबर २०१६ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने दावा फेटाळला. डिसेंबरमध्ये खंडपीठाने सांगितले, की शिकवण्याच्या ओघात, शिकवण्यासाठी लागेल तेवढा भाग काढून घेण्याची मुभा कलम ५२ देते. तेवढा भाग खरोखर लागत होता का, एवढेच तपासायचे. मार्च २०१७ मध्ये प्रकाशकांनी दावा मागे घेतला.

हा निकाल आपल्या प्राध्यापकांनी भिंतीवर लावावा असा आहे. पूर्ण पुस्तकाच्या चोरट्या प्रती काढून बाजारात विकण्याची परवानगी तो देत नाही. पण अभ्यासक्रमाला लागणारी प्रकरणे एकत्र करून वर्गाला देणे कायदेशीर आहे. आमच्याकडे होते उलटेच. जे कायदेशीर आहे ते करायला लोक भितात, आणि अख्ख्या पुस्तकाची पीडीएफ मोबाइलवरून मोबाइलवर बिनदिक्कत फिरते.

पुस्तकांपेक्षा शोधनियतकालिकांचे दुखणे जुनाट आहे. वर्गणी ग्रंथालयाने भरायची, आणि मोठ्या प्रकाशकांचा नफा शेकडा तीसच्या वर. यावर केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२४ मध्ये ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजना मंजूर केली. तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक, सुमारे १३,००० नियतकालिके आणि ६,३००हून अधिक संस्था. १ जानेवारी २०२५ पासून ती सुरू आहे. प्रत्येक विद्यापीठाने वेगळी वर्गणी भरून वेगळे नागवले जाण्यापेक्षा देशाने एकदाच सौदा करावा, हा विचार चांगला आहे. तरी एवढ्या पैशांत मालकी मिळत नाही, मुदतीपुरते दार किलकिले होते; मुदत संपली की पुन्हा वाटाघाटी.

जालन्याच्या दृष्टीने या योजनेतला कळीचा शब्द ‘सरकारी’ हा आहे. पहिला टप्पा सरकारी व्यवस्थापनाच्या संस्थांसाठी आहे, खासगी संस्था पुढच्या टप्प्यात. २०२४ साली सुरू झालेले, १०० जागांचे जालन्याचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय या व्याख्येत सहज बसते. पण जिल्ह्यातली बहुतेक कला-वाणिज्य-विज्ञान महाविद्यालये शिक्षणसंस्थांनी काढलेली आहेत: पगार सरकारचा, कारभार संस्थेचा, आणि विनाअनुदानित तुकड्यांना तर पगारही नाही. मंठा-परतूरकडची शेतमजुराची मुलगी शिकते ती अशाच महाविद्यालयात. या योजनेचा लाभ आपल्याला कोणत्या टप्प्यात आणि किती, हे प्रत्येक प्राचार्याने लेखी विचारून घ्यावे. आणि जी मुलगी पदवी घेऊन घरी परतली, शिक्षक झाली, वकील झाली, शेती करू लागली, तिला यात काहीच नाही. ज्ञान मिळते ते नोंदणी क्रमांक असेपर्यंत. सार्वजनिक ग्रंथालयांतून सर्वांना वाचता यावे, हा तिसरा टप्पा आखलेला आहे. त्याची तारीख नाही.

ज्यांना दार उघडत नाही ते खिडकीतून शिरतात. कझाकस्तानच्या अलेक्झांड्रा एल्बाक्यान यांनी २०११ साली काढलेल्या ‘साय-हब’वर भारतीय संशोधकांची एक पिढी पोसली गेली, हे उघड गुपित आहे. एल्सव्हिअर, वायली आणि अमेरिकन केमिकल सोसायटी २०२० च्या डिसेंबरमध्ये दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या आणि ऑगस्ट २०२५ मध्ये न्यायालयाने ते संकेतस्थळ भारतात बंद करण्याचा आदेश दिला. कायद्याने ते चूक असेल. पण वर्गणीदार नसलेल्या माणसाने वाचायचे कुठे, याचे उत्तर त्या आदेशाने मिळाले नाही. प्रकाशकांनी ‘मुक्त प्रवेश’ नावाचा जो तोडगा काढला, तो तर आपल्यासाठी आणखी वाईट. वाचणे फुकट, पण छापून घ्यायला लेखकाने पैसे मोजायचे. ‘नेचर’ने २०२० साली जाहीर केलेला दर ९,५०० युरो होता, म्हणजे आठ लाख रुपयांच्या आसपास. पूर्वी गरीब वाचक बाहेर राहत होता, आता गरीब लेखकही बाहेर.

हे सगळे विद्यापीठाच्या भिंतीआडचे आहे, आपल्याला काय त्याचे, असे कुणी म्हणेल. त्यांच्यासाठी जालन्याच्या लोखंडाचे उदाहरण. औद्योगिक वसाहतीतल्या रोलिंग मिलमधून निघणारी सळई कशी असावी, तिची ताकद किती, ती किती वाकली पाहिजे, हे आय.एस. १७८६ या भारतीय मानकात लिहिलेले आहे. सळई या मानकाप्रमाणे नसेल तर विकता येत नाही. म्हणजे हा व्यवहारात कायदाच. तरीही अशी मानके वर्षानुवर्षे पैसे मोजून विकत घ्यावी लागत. कार्ल मालमुद या अमेरिकी कार्यकर्त्याने भारतीय मानके विकत घेऊन इंटरनेटवर खुली टाकली. भारतीय मानक ब्युरोने हरकत घेतल्यावर त्यांनी सुशांत सिन्हा आणि श्रीनिवास कोडाली यांच्यासह २०१५ साली दिल्ली उच्च न्यायालयात जनहित याचिका केली. जो नियम पाळला नाही तर शिक्षा होते तो वाचायला पैसे का, एवढाच त्यांचा सवाल होता. आज ब्युरोच्या संकेतस्थळावर नोंदणी केली की भारतीय मानके मोफत उतरवून घेता येतात. घर बांधणाऱ्या माणसालाही आपल्या स्लॅबमधल्या सळईचे मानक वाचता येते. दार ठोठावत राहिले तर उघडते, त्याचा हा पुरावा.

शेतीतही चित्र तसे बरे आहे. भारतीय कृषी अनुसंधान परिषदेने २०१३ साली, संशोधन भांडारात सर्वांना खुले ठेवण्याचे, मुक्त प्रवेशाचे धोरण स्वीकारले. कृषी विद्यापीठांचे प्रबंध ‘कृषिकोश’वर ठेवले जातात. बदनापूरच्या संशोधन केंद्राने तुरीचे वाण काढायचे आणि त्यावरचा शोधनिबंध बदनापूरच्याच कृषी पदवीधराला चाळीस डॉलरला विकायचा, हा प्रकार टळावा म्हणूनच अशी धोरणे लागतात. इतर विषयांचे पीएच.डी.चे प्रबंध ‘शोधगंगा’वर लाखोंनी खुले आहेत. त्यांचा दर्जा हा वेगळा विषय, आणि बोलण्यासारखा.

कारण मराठीतला पेच निराळा आहे. इथे इंग्रजीसारखी शंभर पौंडांची किंमत नाही. पानाला रुपया-दीड रुपया हा हिशेब अजून फार सुटलेला नाही. इथे दुष्काळ मजकुराचा आहे. बढतीसाठी गुण मिळतात म्हणून आयएसबीएन क्रमांक घालून पुस्तके काढायची, चर्चासत्रातले निबंध न तपासता बांधायचे आणि महाविद्यालयांच्या ग्रंथालयांना एकमेकांत विकायचे, हा उद्योग मराठवाड्यात कुणाला ठाऊक नाही? छापील किंमत फुगवायची आणि भरघोस सवलत द्यायची, म्हणजे खरेदी समितीही खूश. या खरेदीत ग्रंथालयाचा पैसा जातो आणि चांगल्या संदर्भग्रंथाला उरत नाही. विद्यार्थी मग गाईड आणि ‘२१ अपेक्षित’वर परीक्षा काढतो. त्याला दोष देणे सोपे आहे.

स्वस्त असूनही न मिळणाऱ्या पुस्तकांचे सर्वांत बोचरे उदाहरण डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या लेखन आणि भाषणांचे खंड. राज्य सरकारने १९७९ पासून ते काढले, वसंत मून यांनी त्यासाठी आयुष्य वेचले, किंमत मुद्दाम कमी ठेवली. त्यांना मागणीचा तोटा कधीच नव्हता. नऊ लाख प्रतींसाठी ५ कोटी ४५ लाख रुपयांचा कागद घेतला आणि प्रत्यक्षात छापल्या गेल्या ३३ हजार, अशी बातमी २०२१ साली ‘लोकसत्ता’ने दिली, मुंबई उच्च न्यायालयाने तिची स्वतःहून दखल घेतली. ज्या मराठवाड्यात बाबासाहेबांनी १९५० साली मिलिंद महाविद्यालय काढले, जिथे विद्यापीठाला त्यांचे नाव मिळावे म्हणून माणसे मेली, तिथल्या वाचकाला त्यांचे खंड मिळवताना वशिला लागावा, याला प्रकाशकांची नफेखोरी जबाबदार नाही.

उरते सार्वजनिक ग्रंथालय. १९६७च्या कायद्याने राज्यात अशी सुमारे बारा हजार ग्रंथालये उभी राहिली, त्यांतली बरीच ‘ड’ या सर्वांत खालच्या वर्गातली. त्यांना वर्षाला ३० हजार रुपये अनुदान मिळे. ६० टक्के वाढीनंतर ते ४८ हजार झाले. त्यातला निम्मा भाग ग्रंथपालाच्या पगाराचा. म्हणजे महिन्याला दोन हजार रुपयांत एक माणूस गावाचे ग्रंथालय चालवतो. उरलेल्या रकमेतून वीज, वर्तमानपत्रे, भाडे आणि पुस्तके. यात संदर्भग्रंथ कुठून यायचे? ग्रंथालयाची खोली रिकामी नसते. पोलीस भरती आणि एमपीएससीची मुले तिथे पहाटेपासून बसतात. ती आपापली पुस्तके घेऊन येतात आणि ग्रंथालयाकडून खुर्ची, दिवा आणि शांतता एवढेच घेतात.

टपालाचेही थोडे सांगायला हवे, कारण इथले अभ्यासाचे पुस्तक बहुधा पुण्याहून येते. पुस्तकांसाठी असलेली जुनी सवलतीची बुकपोस्ट सेवा डिसेंबर २०२४ मध्ये बंद झाली. ओरड झाल्यावर १ मे २०२५ पासून ‘ज्ञान पोस्ट’ सुरू झाली: ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये, ५ किलोपर्यंत १०० रुपये, अधिक कर. फार थोड्या वाचकांना ती माहीत आहे. पुस्तक मागवताना प्रकाशकाला आवर्जून सांगा.

मोफत आणि कायदेशीर असे बरेच काही आज आहे: मराठी विश्वकोशाचे सर्व खंड, साहित्य आणि संस्कृती मंडळाची पुस्तके, बालभारतीची पाठ्यपुस्तके, ‘ई-कुंभ’वरची मराठी तंत्रशिक्षणाची पुस्तके. गावच्या ग्रंथपालाने ही यादी एका कागदावर लिहून दारावर चिकटवली तरी काम होईल. त्यापुढचे काम महाविद्यालयांचे आहे. त्यांची ग्रंथालये करदात्यांच्या पैशावर उभी आहेत. अनामत रक्कम घेऊन गावातल्या कुणालाही तिथे बसून वाचू द्यावे. प्राध्यापकांनी आपला छापला गेलेला निबंध, प्रकाशक परवानगी देतो त्या रूपात, विद्यापीठाच्या भांडारात ठेवावा. केंद्राच्या विज्ञान-तंत्रज्ञान आणि जैवतंत्रज्ञान विभागांनी आपल्या पैशावरच्या संशोधनासाठी २०१४ पासून हे सांगितलेलेच आहे. आणि तुम्ही-आम्ही जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांकडे एक अर्ज द्यावा: राष्ट्रीय वर्गणी योजनेचा सार्वजनिक ग्रंथालयांचा टप्पा सुरू होईल तेव्हा पहिल्या यादीत जालन्याचे नाव असावे, आणि जिल्ह्याच्या आठही तालुक्यांत निदान एक संगणक त्यासाठी राखून ठेवावा. अर्जाला पैसे पडत नाहीत. ग्रंथोत्सवाच्या उद्घाटनाला पाहुणे येतील, तेव्हा तो त्यांच्या हातातही ठेवा आणि पोच घ्यायला विसरू नका.